उकंडरावांचा विजेचा क्लच

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. माझी पंचाहत्तरी उलटली, आता मला कोण अडवतं? उकंडराव. आधीची तीन मुलं गेली म्हणून सासूबाईंनी, जनकाबाईंनी, यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीच्या हातून परत घेतलं. हे कुणाला नकोसं पोर आहे असं मरणाला वाटावं, म्हणून नावही तसलंच ठेवलं. मरण फसलं. पण तेच नाव पुढे मोटारीच्या लायसनवर चढलं, आणि त्या लायसनापायी आमच्या घराला पाच वर्षं झोप नव्हती.

मी कोकिळा. नाव ठेवणाऱ्याचं चुकलं, कारण माझ्या जिभेला धार आहे. माहेर उंद्रीचं, वडील शाळामास्तर, मी सातवी पास. रोहिणखेडात लग्न होऊन आले तेव्हा माझ्या पुस्तकी बोलण्याला बाया पदर तोंडात धरून हसायच्या. त्यांना मी काय काय ऐकवलं ते आता सांगत नाही. राग माझ्या नाकावर असतो, तो लपवून काय करायचं? हे मात्र अगदी उलटे. चार दिवसांत चार वाक्यं बोलतील तर शपथ. फक्त ट्रकच्या स्टिअरिंगवर बसले की माणूस बोलायला लागायचा. शेजारी कुणी नसलं तर ट्रकशी बोलायचे.

आमचं घर माळ्याचं. वांगी, मिरची, कांदा, मेथी. पण यांचं मन मळ्यात कधी नव्हतं. गावातल्या एका मालकाचा ट्रक हे चालवायचे. पहाटे भाजी भरायची, मोताळ्यावरून राजूर घाट चढायचा, उजाडता उजाडता बुलढाण्याच्या बाजारात. घाटातलं प्रत्येक वळण त्यांना पाठ होतं.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी मोताळ्याजवळ चाक बदलताना जॅक सरकला आणि कांद्यानं भरलेला ट्रक डाव्या पायावर बसला. दवाखान्यात पाय मांडीतून काढला. मी रडरड रडले, सासूबाई रडल्या, आणि हे खाटेवर आढ्याकडे बघत गप्प पडून राहिले. त्या गप्प बसण्याचा मला इतका राग आला की मी बाहेर जाऊन एकटीच भिंतीशी भांडले.

बरं झाल्यावर ते कुबडी घेऊन लायसन नवं करायला गेले. तिथल्या साहेबानं अर्ज वाचला, कुबडीकडे पाहिलं आणि एकच विचारलं. ब्रेक उजव्या पायानं दाबाल, ठीक. क्लच डाव्या पायानं दाबतात, तो तुम्ही कशानं दाबणार? साहेब काही वाईट बोलला नाही, खरंच तेवढंच विचारलं. पण घरी आल्यावर हे जे पडवीत बसले ते दोन वर्षं उठले नाहीत म्हटलं तरी चालेल. मेथीच्या जुड्या बांधायचे. रस्त्यावरून ट्रक गेला की तोंड भिंतीकडे फिरवायचे. मी म्हणायचे, अहो, ट्रकनं काय घोडं मारलंय, बघा तरी त्याच्याकडे. ऐकतंय कोण? पस्तिशीच्या आत माझा नवरा म्हातारा व्हायला लागला होता, आणि ते मला डोळ्यांनी बघावं लागत होतं.

मग गावात वीज आली. विहिरींवर मोटरी बसल्या, मोटा सुटल्या, आणि मोटरी जळायलाही लागल्या. जळलेली मोटर घेऊन मलकापूरला जायचं म्हणजे दोन दिवस मोडायचे. मीच यांच्या मागे लागले. मलकापूरच्या शेषराव मिस्त्रींकडे तीन महिने पाठवलं आणि मोटरीत तार भरायचं काम शिकायला लावलं. बसून करायचं काम, पाय लागत नाही. शिकले. पंचक्रोशीतल्या मोटरी आमच्या पडवीत येऊ लागल्या. तार मोजून गुंडाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण मोजताना माझं लक्ष ढळत नाही. हातानं तार आणि तोंडानं आकडे. मध्ये कुणी हाक मारली तर त्याची खैर नसायची.

एके दिवशी दुरुस्त झालेल्या एका कॉइलला बॅटरी लावून हे बघत बसले होते. जवळ पडलेली लोखंडी खिट्टी कॉइलनं खाडकन आत ओढली. यांनी बॅटरी काढली, खिट्टी सुटली. लावली, ओढली. असं पंधरा-वीस वेळा झालं. मी म्हटलं, आता पुरे, तार तापतेय. तेव्हा त्यांनी मान वर केली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत मला तो ट्रकवरचा माणूस दिसला.

"वीज लोखंड ओढते," ते म्हणाले. "मंग क्लच काऊन नाही ओढनार?"

लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप त्यांनी घेतली. जीप म्हणायची ती मन मोठं करून. मलकापूर स्टेशनावरून ती बैलगाडीवर तीन खेपांत आली. पहिल्या खेपेत सांगाडा, दुसऱ्यात इंजिन आणि गिअरचा डबा, तिसऱ्यात चाकं, पत्रे आणि खिळ्यांचं एक पोतं. सगळा गाव बघायला लोटला. सासूबाई म्हणाल्या, ह्या भंगाराले कोन इकत घेते वं माय. मलाही तेच वाटलं होतं, पण सासूनं म्हटल्यावर मला उलट बोलणं भाग पडलं.

दीड वर्ष ती जीप भाजीच्या छपरात उभी राहत होती. तुळया, साखळ्या, दोन बैल आणि एक पाय नसलेला माणूस. इंजिन बसवणं काही अवघड नव्हतं, ते इतरांनीही केलं असतं. अवघड होता तो क्लच. नुसती कॉइल क्लच ओढू शकत नव्हती, तेवढी ताकद तिच्यात नव्हती. ताकद इंजिनात होती. चालू इंजिन हवा आत ओढतं, ती ओढ नळीनं घेऊन पत्र्याच्या एका डब्यात आणली. डब्यात चामड्याचा दट्ट्या. इंजिनानं दट्ट्या ओढला की क्लच दाबला जायचा. चामडं आमच्या सुटलेल्या मोटेचं, एरंडेल पाजून मऊ केलेलं. आणि इंजिनाची ती ओढ कधी सोडायची, कधी तोडायची, ते काम कॉइलचं.

चालवणाऱ्यानं करायचं एवढंच, गिअरच्या दांड्यावर अंगठ्याखाली एक बटन होतं ते दाबायचं. बटन दाबलं की सीटमागच्या लाकडी पेटीतले दोन चांदीचे ठिपके एकमेकांना टेकायचे. ते टेकले की वीज कॉइलमध्ये जायची, कॉइल नळीच्या तोंडातली खिट्टी ओढायची, टक असा आवाज व्हायचा आणि क्लच दाबला जायचा. बटन सोडलं की क्लच सुटायचा. चांदी का, तर तिथे ठिणगी पडते आणि तांबं काळं पडतं. बाजारातली चांदी मिश्र निघाली, म्हणून माझं घासून झिजलेलं जुनं जोडवं कानशीनं तोडून ते ठिपके केले. कॉइलचे नऊशे चाळीस वेढे माझ्या हातचे. तेव्हा ती पेटी जितकी त्यांची तितकी माझी होती, हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जी माती खाल्ली ती ह्याच हक्कापायी.

पहिल्या दिवशी बटन सोडल्याबरोबर क्लच धाडकन सुटला आणि जीप वांग्याच्या वाफ्यात घुसली. सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं, मी दुसरंच काही म्हणाले. क्लच हळू सुटावा म्हणून यांनी डब्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र पाडलं. लहान पडलं, थोडं मोठं केलं. जास्त मोठं झालं, राळेनं बुजवलं, परत पाडलं. तीन महिने हे छिद्र चाललं होतं. जेवताना सुद्धा त्यांचं लक्ष त्या छिद्रात.

चढाचा सराव कुठे करायचा? आमच्या गावाभोवती सपाटी. तर यांनी विहिरीची धाव निवडली. मोट ओढताना बैल ज्या उतारावर खाली-वर करतात ती धाव. जीप धावेवरून वर चढवायची, मधेच थांबवायची आणि पुन्हा उचलायची. चढ संपतो तिथे समोर विहीर, चाळीस हात खोल, कठडा नाही. क्लच हळू सुटला तर जीप मागे घसरणार, झटक्यानं सुटला तर पुढे विहिरीत जाणार. मी विहिरीच्या तोंडाशी दोन ओंडके घेऊन उभी राहायचे. त्या दिवसांत माझा जीव सारखा टांगणीला असायचा. मी ओरडायचे, शिव्या घालायचे, ही जीप एक दिवस मी पेटवून देईन म्हणायचे. ते ऐकून घ्यायचे आणि परत एकदा धावेच्या पायथ्याशी जायचे. शंभर वेळा थांबून शंभर वेळा उचलली की खरं, असं त्यांनी ठरवलं होतं. नव्व्याण्णव झाल्यावर एकदा मागे घसरली, तर परत एकपासून मोजायला लावलं. मोजणारी मीच.

दरम्यान अर्ज चालू होते. लिहायला मी, सही त्यांची. सहा अर्जांना उत्तर आलं नाही. सातव्याला आलं. मोटार निरीक्षक दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी बुलढाण्याला येत आहेत, ते राजूर घाटात चाचणी घेतील. गाडी मधल्या वळणावर चढात थांबवून पुन्हा उचलावी. गाडी वीतभरही मागे आल्यास अर्ज कायमचा निकालात काढला जाईल.

कायमचा हा शब्द मी त्यांना दोनदा वाचून दाखवला. त्यांनी कागद घडी करून टोपीत ठेवला. त्या रात्री ते जेवले नाहीत. मला माहीत होतं, ह्या खेपेला नाही मिळालं तर हा माणूस परत पडवीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसेल, आणि ह्या वेळी मी त्याला उठवू शकणार नाही.

मग दसरा आला. आमच्याकडे ज्याच्यावर पोट चालतं त्याची दसऱ्याला पूजा करतात. विळा, खुरपं, तराजू, आणि आता तार गुंडाळायचं यंत्र. यांनी जीपला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि आपट्याची पानं घेऊन गावात सोनं वाटायला गेले. मी पूजेचं ताट घेऊन जीपपाशी एकटी होते. बाहेरच्या पत्र्याला हळदकुंकू लावलं. मग मनात आलं, पत्र्याला कसली पूजा? जीव आहे तो आत. सीटमागची पेटी उघडली. कॉइलला ओल्या कुंकवाचं बोट लावलं. दट्ट्याच्या नळीला लावलं. आणि ते दोन ठिपके दिसले, माझ्या जोडव्याचे. त्यांना हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. अगदी मनापासून हात जोडले. म्हटलं, बाई, माझ्या माणसाला घाटात सोडू नकोस. पेटीचं झाकण लावलं आणि स्वयंपाकाला गेले. सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

तिसऱ्या दिवशी निघालो. यांच्याकडे शिकाऊ परवाना होता, म्हणून कायद्याप्रमाणे शेजारी लायसनवाला रामराव ड्रायव्हर बसवला. मागे मी, पायाशी दोन ओंडके. मोताळ्यापर्यंत गाडी छान चालली. बटन दाबलं की माझ्या पाठीशी पेटीत टक. बटन, टक. मी सवयीनं मोजत होते. राजूर जवळ आलं तेव्हा एकदा टक जरा उशिरा आली. मी म्हटलं खड्डा असेल.

घाटाच्या पायथ्याशी निरीक्षक साहेब उभे होते. पन्नाशीचे, बारीक, हातात कातडी बॅग. हसत नव्हते, रागातही नव्हते. त्यांनी जीपला एक फेरी मारली, कुबडी पाहिली, बटन पाहिलं. रामरावांना उतरवून स्वतः पुढे बसले. मला उतरायला सांगितलं तर मी म्हटलं, ओंडके लावायला कुणी नको का? त्यांनी होकाराची मान हलवली.

घाट चढू लागलो. पहिलं वळण. दुसरा गिअर, टक. यांची मान ताठ होती, मागून मला फक्त ती मान दिसत होती आणि तिच्यावरून ओघळणारा घाम. ऊन चढलं होतं. डाव्या हाताला खोल दरी, उजवीकडे कापलेला डोंगर. वरून ट्रक येत होते आणि अशा जीपमध्ये अशी माणसं बघून हॉर्न वाजवत होते. मधलं वळण आलं. साहेबांनी बॅगेवर टिचकी मारली. थांबवा.

टक. गाडी थांबली. हँडब्रेक ओढला. साहेबांनी खाली उतरून चाकामागे खडूनं रस्त्यावर एक रेघ मारली आणि परत बसले. आता उचला, म्हणाले.

यांनी बटन दाबलं. टक आली. गिअर पडला. पाय ब्रेकवरून उचलला, हँडब्रेक सैल केला, आणि तेवढ्यात माझ्या पाठीशी टक नाही, टकटकटकटक असा आवाज सुरू झाला. ठिपके टेकत होते, सुटत होते. क्लच अर्धा सुटला, परत दाबला गेला, परत सुटला. इंजिन एक हिसका देऊन बंद पडलं आणि जीप मागे घसरली.

साहेबांनी बाहेर उडी टाकली. उडी टाकायचं माझ्या मनातही आलं नाही. हातभर मागे जाऊन जीप थांबली. यांचा एकुलता एक पाय ब्रेकवर, हँडब्रेक पूर्ण ओढलेला. खडूची रेघ चाकाखाली पुसली गेली होती. साहेब खाली उभे राहून ते बघत होते. मी उतरून दोन्ही चाकांमागे ओंडके लावले.

साहेबांनी बॅग उघडली, कागद काढला. धावेवर शंभर शंभर वेळा नीट चाललेली गाडी आज का घसरली, हे यांना समजत नव्हतं. आणि मला समजलं होतं. तो टकटक आवाज ऐकल्याबरोबर समजलं होतं. हळद, कुंकू, अक्षता. गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. पेटी घरी जाऊन पुसली असती. गाडीच खोटी निघाली असं झालं असतं, आणि हे आयुष्यभर तेच समजले असते.

"साहेब, लिहू नका," मी म्हटलं. "पेटीत कुंकू आहे. मी लावलंय."

साहेबांचा पेन थांबला. यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी पेटी उघडून दाखवली. ठिपक्यांवर हळदकुंकवाचा वाळलेला थर, मध्ये तांदळाचा दाणा. साहेब वाकून बराच वेळ बघत राहिले.

तेव्हा हे बोलले. म्हणाले, "मीच सांगतलं होतं तिले. माही चूक हाये."

एवढं साफ खोटं ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असतील. माझं डोकं फिरलं. साहेबांसमोर मी यांना म्हटलं, तुम्ही गप्प बसा, तुम्ही तेव्हा गावात सोनं वाटत होता. मग साहेबांना सगळं सांगितलं, जोडवं, नऊशे चाळीस वेढे, सगळं. सांगता सांगता रडू आलं आणि रडू आल्याचा आणखी राग आला. साहेब म्हणाले, तुमचं घरचं मला नको, गाडी मागे आली हे खरं. मी म्हटलं, गाडी मागे नाही आली, माझी पूजा मागे आली. एकदा पुसू द्या आणि एकदा उचलू द्या. परत रेघ मारा.

त्यांनी घड्याळ पाहिलं. खालून अजून कुठल्या मोटारीचा आवाज येत नव्हता. दहा मिनिटं, ते म्हणाले. आणि मी आता आत बसणार नाही, बाहेरून बघेन.

हे पुसायला वळले तर मी पेटीजवळ येऊ दिलं नाही. माझी घाण, मीच काढणार. पदरानं पुसलं. हळद निघाली, कुंकू चिकटून राहिलं, कारण ते मी तेलात कालवलेलं होतं. मग नखानं खरवडलं. नखं तुटली. केसातला आकडा काढून त्यानं ठिपके घासले, चांदी पांढरी दिसेपर्यंत घासले. अक्षता एकेक वेचली. यांनी बटन दाबून बघितलं. टक. परत दाबलं, टक.

साहेब जवळ आले. त्यांनी साधंच विचारलं, साफ झालं याची खात्री काय? आतमध्ये राहिला असेल एखादा कण, चढात हादरे बसले की परत तेच होईल. गाडी मागे येईल.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी मागे गेले, दोन्ही ओंडके काढले आणि एका चाकामागे, साहेबांनी नवी रेघ मारली होती तिथे, माझा डावा पाय ठेवला. चप्पल काढून. "मी पुसलंय," म्हटलं. "खात्री ही."

साहेब ओरडले, बाई, पाय काढा. मी ऐकलं नाही. त्यांनी माझा दंड धरायला हात पुढे केला आणि परकी बाई म्हणून तो मागे घेतला. यांनी आरशात बघितलं. त्यांचा चेहरा मला आरशात दिसला, तसा मी तो कधीच पाहिला नव्हता, दवाखान्यातही नाही.

"कोकिळा, काढ," ते म्हणाले. नाव घेतलं त्यांनी माझं, चारचौघात.

"नाही काढत. तुम्ही चालवा."

इंजिन सुरू झालं. चाक माझ्या बोटांपासून दोन बोटं दूर होतं, त्याच्यातून तापलेल्या रबराचा वास येत होता. मला पळून जावंसं वाटत होतं, हे खरं आहे, खोटं कशाला सांगू? पण मी पुसलं होतं ते नीट पुसलं होतं. आणि त्या माणसाला मी शंभर शंभर वेळा धावेवर मोजलं होतं.

टक, आत आवाज आला.

गिअर पडल्याचा आवाज आला. चाक थरथरलं. हँडब्रेक सुटला हे मला त्या थरथरीतून कळलं. इंजिनाचा सूर खाली आला, खूप खाली आला, आता बंद पडतं की काय असं वाटलं, मी डोळे मिटले. आणि चाक पुढे गेलं. माझ्या पायावर फक्त बारीक खडी उडाली.

डोळे उघडले तर जीप वीसेक पावलं वर, रस्ता जरा सपाट होतो तिथे नीट कडेला थांबली होती. हे उतरले, पुढच्या चाकाला दगड लावला. कुबडी घेतली नाही, जीपच्या पत्र्याला, मग कठड्याच्या दगडांना धरत एका पायावर उड्या मारत खाली आले. मला वाटलं आता मारतात. इतक्या वर्षांत कधी हात उचलला नव्हता, पण आज उचलतील, आणि मी काही बोलणार नाही. माझ्यापाशी येऊन ते रस्त्यावरच बसले. माझा पाय दोन्ही हातांत घेतला, भर रस्त्यात, निरीक्षकासमोर, आणि त्याच्यावरची धूळ पुसायला लागले.

खालून एक मोटार येऊन आमच्यासाठी थांबली होती. त्यातली माणसं खिडकीतून बघत होती. मी म्हटलं, उठा, लोक बघतात.

"लायसन नसतं भेटलं तं भाजी इकली असती," ते म्हणाले. "पाय कोठून आनला असता?"

आणि मग ते रडले. स्वतःचा पाय गेला तेव्हा न रडलेला माणूस घाटाच्या मधल्या वळणावर बसून मोठ्यानं रडला. मी उभीच होते. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचलं नाही. साहेबांनी पाठ फिरवली, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि सही केली.